भारतीय संघात निवड झाली, पण पुढे काय?

“मुलगी देशाकडून खेळते याचा अभिमान आहे; पण रग्बीसाठी तिने कॉलेज सोडावे का?” हा प्रश्न घेऊन कोल्हापूर जिल्ह्यातील एक वडील आपल्या मुलीसह माझ्याकडे आले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत. क्रिकेट वगळता जवळपास प्रत्येक खेळातील मुलांचे पालक हाच प्रश्न विचारतात.

ती सेव्हन्स प्रकारात खेळत होती. या प्रकारात प्रत्येक बाजूला सात खेळाडू असतात, सात-सात मिनिटांचे दोन डाव होतात आणि एकाच दिवशी अनेक सामने खेळावे लागतात. सारा भर वेगावर असल्यामुळे सर्वोच्च पातळीवरची वर्षे मोजकीच मिळतात आणि गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली तर त्यांतले जवळपास एक वर्ष सहज जाते. वडिलांनी २०२५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रग्बी प्रीमियर लीगबद्दल ऐकले होते. ती स्पर्धा पुरुष संघांची होती, हे मुलीला पक्के ठाऊक होते. वडिलांचा हिरमोड होऊ नये म्हणून ती बोलली नव्हती.

मी तिला स्पर्धांविषयी न विचारता शिबिर संपवून घरी परतल्यानंतरच्या दिवसांविषयी विचारले. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, “सगळे विचारतात, पुढची मॅच कधी? यादी लागेपर्यंत मलाच माहीत नसतं, मॅडम.” कॉलेज सोडण्याचा विचार या अनिश्चिततेतून आला होता. शिक्षण सोडले की आपण खेळाबाबत गंभीर आहोत हे निवडकर्त्यांना पटेल, असे तिने मनाशी धरले होते. प्रशिक्षकांनी मात्र तसे कधीच सुचवलेले नव्हते. त्याग ही निवडीची पात्रता आहे हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे आणि सत्कार समारंभांतील भाषणे त्याला खतपाणी घालतात, असे माझे स्पष्ट मत आहे. संघाच्या अंतिम बारा खेळाडूंमध्ये कोण असेल हे धावण्याचा वेग, टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला पकडून खाली पाडणे) आणि तंदुरुस्ती यांवर ठरते.

त्यामुळे ‘रग्बी की पदवी’ हा वाद बाजूला ठेवून आम्ही वर्षभराचे वेळापत्रक मांडले. शिबिरांमुळे तिची उपस्थिती भरत नव्हती, म्हणून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची माहिती घेण्याचे ठरले. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मात्र ते खेळ, स्पर्धेचा दर्जा आणि मिळालेले स्थान यांवर अवलंबून असते आणि प्रमाणपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते. शिवाय पदाची शैक्षणिक अट पूर्ण करावीच लागते. कागदपत्रे सांभाळण्याचे काम वडिलांनी आपणहून मागून घेतले.

पुढच्या यादीत ती राखीव खेळाडूंत होती. त्या संध्याकाळी ती सरावाला गेली नाही, असे वडिलांनी काळजीने कळवले. मी त्यांना दोन दिवस काहीही न विचारण्याची विनंती केली. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच मुक्त विद्यापीठाचा प्रवेश अर्ज कुठे मिळेल हे विचारायला फोन केला.