कॅन्सर इम्युनॉलॉजीत पीएचडी करायची आहे. लॅब निवडताना संस्थेचं नाव पाहावं की गाइडचे पेपर?

(प्रश्नाखाली लिहिलंय: मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी झालंय, जेआरएफ (पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप) मिळाली आहे, आणि आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराविषयी (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या) वाचल्यापासून याच विषयाचं वेड लागलंय.)

दोन्ही पाहू नकोस. त्या लॅबमध्ये एखादा लाडका निकाल खोटा ठरून शेवटचा कधी मेला आणि तेव्हा गाइड काय बोलले, ते विचार.

एकेरीत लिहितेय, राग मानू नकोस. मी आता कॉलेजात शिकवते, तू माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाचं कुणीतरी असणार. खरं तर गप्प बसणार होते, पण ‘गाइडचे पेपर’ वाचलं आणि राहवलं नाही. कारण मी तेवढंच बघून गेले होते.

साल २०११. जेआरएफ महिना १६ हजार होती, आणि तीसुद्धा कधी चार-चार महिने यायची नाही. (आता ३७ हजार आहे. वेळेवर येते का, ते तूच कळव.) संस्था महाराष्ट्रातलीच, नाव घेणार नाही. सरांचे पेपर झकास, बोलणं त्याहून झकास. विषय मिळाला स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीत शिरणाऱ्या टी-सेल या प्रतिकारपेशींचा. बाल्ब-सी जातीच्या उंदरांच्या माद्यांना फोर-टी-वन या कॅन्सरपेशी टोचायच्या, एक दिवसाआड व्हर्नियरने गाठ मोजायची (लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन), ठरल्या दिवशी उंदीर सॅक्रिफाइस करून गाठ काढायची. ती कात्रीने बारीक चिरायची, कोलाजिनेजमध्ये (पेशी सुट्या करणारं एन्झाइम) ३७ अंशांवर पाऊण तास हलवत ठेवायची, सिरिंजच्या दट्ट्याने जाळीवर घासून गाळायची, बर्फावर चमकणाऱ्या रंगांच्या अँटिबॉडी लावायच्या आणि धावत संध्याकाळी सहाचा फ्लोचा, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या फ्लो सायटोमीटरचा, स्लॉट गाठायचा. स्लॉट चुकला की दिवसही गेला आणि उंदीरही.

पाचव्या महिन्यात पडद्यावर ठिपक्यांचा एक पुंजका दिसायला लागला. सीडी४ आणि सीडी८ या दोन्ही खुणा अंगावर असलेल्या पेशी (एरवी टी-सेलवर दोनपैकी एकच असते). प्लीहेत नाहीत, फक्त गाठीत. आणि गाठ वाढेल तसा पुंजकाही वाढायचा. दोन आठवड्यांच्या गाठीत ३ टक्के, चार आठवड्यांच्या गाठीत ११. सरांनी पेढे मागवले. अलंकारिक नाही, खरेच पेढे. ग्रँटच्या वार्षिक अहवालात माझी आकृती गेली. लॅबमध्ये त्यांना ‘हिच्या पेशी’ म्हणायला लागले आणि मी हवेत.

अ‍ॅनिमल हाउसला एक मामा होते. शाळा दहावीला सुटलेली, पण उंदराच्या शेपटीच्या शिरेत सुई घालावी ती त्यांनीच. एकदा मी शेजारी बसून चार आठवड्यांची गाठ चिरत होते. मधोमध कापली तर आत पिवळट, भुसभुशीत लगदा. मामा वाकून म्हणाले, “मॅडम, ह्या मोठ्या गाठी आतनं कुजल्यात की. ह्यात जित्तं काय ऱ्हायलंय?”

मी हसले. रात्री होस्टेलवर मात्र हसू येईना.

मेलेल्या पेशी म्हणजे चिकट कागद. अँटिबॉडी कुठलीही असो, त्यांना चिकटतेच, शिवाय त्या स्वतःही चमकतात. म्हणजे सीडी४च्या रंगातही दिसणार आणि सीडी८च्याही. गाठ मोठी तितका आतला भाग रक्ताविना मरणार, तितका माझा पुंजका फुगणार. आणि प्लीहेत कुजलेलं काही नसतं, म्हणून तिथे तो नाही. सगळं जुळत होतं. लॅपटॉप उघडून जुने प्लॉट बघितले. पुंजका नीट गोल नव्हताच, ४५ अंशांत तिरका पसरला होता. असा तिरका पुंजका दिसला की आधी शंका घ्यायची, हे फ्लोच्या पहिल्या प्रशिक्षणात सांगतात. इतके महिने मी ती रेघ रोज बघत होते आणि मला ती देखणी वाटत होती.

मेलेल्या पेशी रंगवणारा डाय आमच्या लॅबमध्ये नव्हता. सरांच्या भाषेत तो ‘फालतू खर्च’. अँटिबॉडीच्या एका कुपीपुढे त्याची किंमत चिल्लर आहे, हे मुद्दाम लिहून ठेवते. शेजारच्या लॅबमधून चिमूटभर उसना आणला. मेलेल्या पेशी वगळल्यावर ११ टक्क्यांचे अर्ध्या टक्क्याहून कमी राहिले. तीनदा केलं, तीन वेगवेगळ्या उंदरांवर.

लॅब मीटिंगमध्ये दाखवलं. सर दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुझ्या डायनेच मारल्या असतील.” मग म्हणाले, जुन्या पद्धतीनेच गेट कर (म्हणजे मोजायच्या पेशी निवड), अहवालाशी आकडे जुळले पाहिजेत. आणि मग ते वाक्य, जे माझ्या डोक्यात आजवर अडकलंय: “साकागुचीलाही सुरुवातीला कुणी मानत नव्हतं.” (साकागुची म्हणजे बाकीच्या प्रतिकारपेशींना आवर घालणाऱ्या टी-सेल शोधणारे जपानी शास्त्रज्ञ.)

२०२५च्या ऑक्टोबरात शिमॉन साकागुचींना ब्रंको आणि रॅम्सडेल यांच्यासोबत याच कामासाठी वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. त्याच संध्याकाळी लॅबच्या जुन्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरांचा मेसेज: ‘मी तेव्हाच सांगत होतो.’ खाली सतरा जणांचे नमस्कार. मी अंगठा टाकला. म्हणून उरलेलं सगळं तुझ्या प्रश्नाखाली येतंय.

साकागुचींवर लोक विश्वास का ठेवत नव्हते? कारण आधी अशाच आवर घालणाऱ्या ‘सप्रेसर टी-सेल’ नावाचा भलामोठा गाजावाजा होऊन गेला होता. त्या पेशींची खूण म्हणून आय-जे नावाचा रेणू सांगत होते. ऐंशीच्या दशकात डीएनए तपासलं, तर जिथे त्याचं जनुक असायला हवं तिथे ते नव्हतंच. त्या पेशींचं नाव काढलं तरी लोक नाक मुरडायचे. अशा हवेत साकागुचींनी १९९५ साली काय छापलं? सीडी२५ ही खूण असलेल्या पेशी काढून टाकल्या आणि उरलेल्या सीडी४ पेशी थायमस (टी-सेल जिथे तयार होतात ती ग्रंथी) नसलेल्या उंदरांना दिल्या. उंदरांचं शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटलं. मग काढलेल्या पेशीही सोबत देऊन पाहिल्या, तर आजार टळला. उंदीर बाल्ब-सीच, आमच्याच जातीचे. सर, हा माणूस आपल्या पेशी नसतील तर काय होतं, ते स्वतः तपासत होता. मी आणलेल्या चिमूटभर डायनेही तेवढंच तपासलं होतं.

पुढचं थोडक्यात. जुन्या पद्धतीने पुन्हा आकृती बनवायला मी नकार दिला. एका सिनियरने सांगितलं की तू मुळात भांडकुदळ, डायचा कंट्रोल (खातरजमेची चाचणी) हा बहाणा. डॉक्टोरल कमिटीकडे अर्ज केला, गाइड बदलला, नव्या प्रश्नावर पहिल्यापासून सुरुवात. चौदा महिने पाण्यात, एकूण साडेसहा वर्षं. आईला मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की मी नापास होतेय.

आता तू काय करायचंस. लॅब बघायला जाशील तेव्हा गाइडशी अर्धाच तास बोल, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांसोबत जेवायला जा. त्यांना फ्लोचे कच्चे प्लॉट दाखवायला सांग, पेपरमधले नाहीत. मेलेल्या पेशी आधी वगळल्यात का, बघ. मायकोप्लाझ्मा (पेशींना छुपेपणाने लागणारा जंतू) टेस्ट शेवटची कधी केली आणि सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) कुठून आली, विचार. “सिनियरकडून” एवढंच उत्तर आलं तर सावध हो. मध्येच सोडून गेलेल्या मुलाचा नंबर मिळव आणि त्याला फोन कर. जमलं तर लॅब मीटिंगला मागे बसून बघ, गाइडचं म्हणणं कोण खोडतं आणि खोडल्यावर काय होतं. पेपर किती, ते काही सांगत नाही. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनी प्रबंध देण्याआधी पेपर छापायची सक्ती काढली, पण गाइडच्या डोक्यातून ती कोण काढणार?

संस्थेचं नाव पाहू नकोस हे मी वर रागात लिहिलं. नावाचा उपयोग असतो. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र), पुण्याचं एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) अशा ठिकाणी चांगलं अ‍ॅनिमल हाउस आणि सायटोमीटर असतं. कार-टीसारखं काही करायचं असेल तर हॉस्पिटल जवळ हवंच, रुग्णांचे नमुने अंगणात मिळत नाहीत. (माझी संस्था या दोन्हींपैकी नव्हे, डिटेक्टिव्हगिरी नको.) दुसरं, माझी फेलोशिप माझ्या नावावर होती म्हणून मला गाइड बदलता आला. गाइडच्या प्रोजेक्टमधून पगार घेणाऱ्याला हे जमेलच असं नाही. तुझ्याकडे जेआरएफ आहे, तो हुकमाचा पत्ता आहे. आणि सीडी४-सीडी८ दोन्ही असलेल्या टी-सेल खरोखर असतात, माणसांच्या काही ट्युमरमध्ये नोंदल्याही गेल्यात. आमच्या नव्हत्या, एवढंच. सरांनी गाइड बदलाच्या अर्जावर सही अडवली नाही, हेही लिहिलं पाहिजे. बरेच जण अडवतात.

माझ्या थिसिसच्या आभारात मामांचं नाव सरांच्या वर आहे. त्यावरूनही डिफेन्सच्या दिवशी चहाला एक वाद झाला होता, तो पुन्हा कधीतरी.