तहहयात, आजन्म की आजीवन?

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश 'तहहयात' नेमलेले असतात असं आपण वाचतो. मग त्यांना 'आजन्म न्यायाधीश' म्हटलं तर चुकलं का, असा प्रश्न आला आहे.

'आजन्म कारावास' रूढ आहे, त्यामुळे चूक म्हणवत नाही. पण 'आजन्म'चा मूळ अर्थ जन्मापासून. तोच 'आ' 'आमरण'मध्ये 'पर्यंत' असा अर्थ देतो. 'आजीवन' चालेल, तरी माझी पसंती 'तहहयात'ला. फारसीत 'ता' म्हणजे पर्यंत. पेन्शनर मंडळी नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला देतात, त्यातलीच ही हयात.

मात्र अमेरिकेच्या राज्यघटनेत या अर्थाचा शब्दच नाही. तिसऱ्या अनुच्छेदात म्हटलंय ते इतकंच, की न्यायाधीश 'सद्वर्तन असेतोवर' पदावर राहतील आणि तोवर त्यांचा पगार घटवता येणार नाही. निवृत्तीचं वय दिलेलं नाही, काढायचं तर महाभियोग चालवावा लागतो. म्हणून व्यवहारात नेमणूक तहहयात ठरते. सुप्रीम कोर्टाच्या एकाच न्यायाधीशावर, सॅम्युअल चेस यांच्यावर, १८०४ साली महाभियोग आला आणि पुढच्या वर्षी सिनेटनं त्यांना दोषमुक्त केलं.

खरी मेख वेगळीच आहे. सुप्रीम कोर्टाखालची न्यायालयं स्थापन करणं घटनेनं तिथल्या संसदेवर, म्हणजे काँग्रेसवर सोपवलं आहे. १८०१ मध्ये अध्यक्ष अ‍ॅडम्स यांची सत्ता जाता जाता काँग्रेसनं सर्किट न्यायाधीशांची, म्हणजे सुप्रीम कोर्टाखालच्या विभागीय न्यायालयांतल्या न्यायाधीशांची, १६ नवी पदं निर्माण केली. जेफर्सन अध्यक्ष झाले आणि १८०२ मध्ये नव्या काँग्रेसनं तो कायदाच रद्द केला. न्यायाधीश हयात होते, वर्तनाबद्दल तक्रार नव्हती, महाभियोगही झाला नाही. तरी न्यायालयं गेली आणि पगारही थांबला. हा घटनेशी उघड दगाफटका होता असं मला वाटतं. १९१३ मध्ये कॉमर्स कोर्ट, म्हणजे रेल्वे-दरांसारख्या व्यापारी वादांसाठीचं खास न्यायालय, मोडलं तेव्हा मात्र काँग्रेसनं न्यायालय बंद केलं, पण न्यायाधीशांना सर्किट न्यायाधीश म्हणून कायम ठेवलं. हीच रीत योग्य.

तेव्हा बातमीत 'तहहयात' खुशाल लिहा. घटनेतलं कलम मराठीत आणताना 'सद्वर्तन असेतोवर' हेच लिहा, कारण महाभियोगाचा आधार त्या अटीत शोधला जातो. आणि आपल्याकडच्या न्यायाधीशांना यातलं काहीच लावू नका: ते सर्वोच्च न्यायालयात ६५व्या, तर उच्च न्यायालयात ६२व्या वर्षी निवृत्त होतात.