कुपवाड एमआयडीसीत दोन प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली) सर्व्हर आणि एक नॅस (नेटवर्कवरून वापरायचं स्टोरेज) आहे. व्हीएमसाठी (आभासी मशीनसाठी) शेअर्ड स्टोरेज एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वापरायची पद्धत) ठेवू की आयस्कझी (नेटवर्कवरून अख्खी डिस्क जोडायची पद्धत)?

एनएफएसच ठेवा. क्यूकाऊ२ फाइलवर (व्हीएमची डिस्क साठवायचा फाइल-प्रकार) स्नॅपशॉट (त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) मिळतात आणि चालू व्हीएम, डिस्क कॉपी न करता, दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येते. आयस्कझीवर सहसा एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडायची लिनक्सची व्यवस्था) चढवावं लागतं, आणि त्यातला स्नॅपशॉट देणारा प्रकार, एलव्हीएम-थिन, दोन सर्व्हरना मिळून वापरता येत नाही. प्रॉक्समॉक्सच्या माहितीपुस्तिकेतच तसं लिहिलंय. स्टोरेजला नेटवर्क कार्ड आणि स्विच वेगळा द्या, ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये घालू नका. नॅसच्या एक्स्पोर्टमध्ये (एनएफएसवर फोल्डर शेअर करायच्या सेटिंगमध्ये) ‘सिंक’ ठेवा, म्हणजे डेटा डिस्कवर गेल्यावरच ‘लिहिला’ असं कळवलं जातं. ‘असिंक’ने वेग वाढतो खरा, पण लाईट गेली आणि यूपीएसनं ऐनवेळी दगा दिला, तर ‘लिहिला’ म्हणून कळवलेला डेटा डिस्कवर नसतोच. मात्र नॅस बसला की त्यावरच्या सगळ्या व्हीएम अडकतात, तेव्हा बॅकअप तरी दुसरीकडे घ्या.