ताप आलेली धावते कशी?

प्रश्न : भाषांतराच्या पेपरात 'शी वॉज रनिंग अ फीवर' हे वाक्य आलं होतं. मी 'ती तापात धावत होती' असं लिहिलं आणि गुण गेले. नंतर शब्दकोश उघडला, तर 'रन'चे अर्थ पानं उलटली तरी संपेनात. हे सगळे पाठ करायचे का?

उत्तर : आधी त्या बिचारीला अंथरुणावर पडू द्या. तिला नुसता ताप होता.

पाठांतराचा नाद सोडा. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'तली 'रन'ची नोंद २०११च्या सुमारास नव्याने तयार झाली, तेव्हा एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर हे संपादक त्या एका शब्दापाशी ९ महिने बसले होते! तुम्ही ते परीक्षेच्या आदल्या रात्री करायला जाऊ नका.

रन म्हणजे धावणे, हे आपण पहिल्यांदा शिकतो आणि तिथेच गाडी अडते. मला विचाराल तर 'रन'चा मराठीतला खरा जोडीदार 'धावणे' नव्हेच, 'चालणे' आहे. त्यांचं इंजिन रन होतं, आपलं चालतं. 'द प्ले रॅन फॉर टू इयर्स' म्हणजे नाटक दोन वर्षं चाललं. 'शी रन्स अ स्कूल' म्हणजे ती शाळा चालवते. आता इथे जरा थांबा. चालणे आणि चालवणे ही आपल्याकडे वेगळी रूपं. जुन्या इंग्रजीतही स्वतः धावण्याचं एक क्रियापद होतं आणि धावायला लावण्याचं दुसरं. पुढे दोन्ही एकमेकांत मिसळून गेली. म्हणून 'द मशीन रन्स' आणि 'शी रन्स द मशीन' या दोन्हींत 'रन्स'च दिसतं. पुढे कर्म आहे का ते बघायचं आणि मग चालणे की चालवणे ते ठरवायचं.

दुसरा मोठा गोतावळा पाण्याचा. नदी, नळ, नाक, डोळ्यांतलं काजळ, सगळं 'रन' होतं. आपण तिथे वाहणे, गळणे, ओघळणे असं ज्याचं त्याला देतो. धुताना कपड्याचा रंग 'रन' झाला, तर आपल्याकडे तो जातो. कर्ता कोण ते पाहिलं की मराठी क्रियापद आपसूक सुचतं.

शेपटीला लागलेले शब्द मात्र जपून वाचा. 'आय रॅन इंटू अ फ्रेंड' म्हणजे मित्राची अचानक गाठ पडली. 'द कार रॅन इंटू अ वॉल' म्हणजे गाडी भिंतीवर आदळली. हे उलटसुलट झालं, तर मित्राची धडगत नाही. 'रन आउट ऑफ' म्हणजे संपणे, एवढं सरळ आहे.

प्रश्न : निवडणुकीत उमेदवार 'रन' करतो की 'स्टँड'?

उत्तर : अमेरिकेत रन, ब्रिटनमध्ये स्टँड. मराठी उमेदवारही उभाच राहतो. स्त्रियांच्या पातळ लांब मोज्यांचा धागा उसवत गेला, तर त्यालाही अमेरिकन माणूस 'रन' म्हणतो, ब्रिटिश 'लॅडर'. दोन्ही बरोबर आहेत. फक्त एकाच लेखात दोघांची सरमिसळ नको.