वाचकांचे प्रश्न : डिझेल मोटरहोमचा डायग्नोस्टिक सॉकेट आणि रीडर

प्रश्न (डॅलस, टेक्सस) : २००५ सालची, मागे कमिन्स आयएसएल इंजिन असलेली मोटरहोम घेतली आहे. कारसाठी वापरतो तो इंजिनाचे कोड वाचणारा १६ पिनचा ब्लूटूथ रीडर जवळ होता, पण गाडीत गोल सॉकेट निघाला. जोडकेबल मागवली. आता रीडरचा दिवा लागतो, पण ॲप कनेक्ट होत नाही. रीडर गेला का?

उत्तर : दिवा लागतो म्हणजे १२ व्होल्ट पोहोचतात, यापलीकडे त्याचा अर्थ नाही. अमेरिकेत १९९६पासून कारना सक्तीची झालेली ओबीडी-२ ही दोष सांगण्याची पद्धत त्या काळातल्या १४,००० पौंडांवरच्या गाड्यांना लागू नव्हती. अशा गाड्या ट्रकच्या पद्धतीने चालतात. कारचा रीडर इंजिनाला एकेक प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. ट्रकच्या जे१९३९ पद्धतीत इंजिन बरीचशी माहिती न विचारताच वायरवर सोडत राहतं. ती ऐकायची आणि उलगडायची सोय रीडरमध्ये आणि ॲपमध्येही असावी लागते.

आधी सॉकेटमधल्या पिना मोजा. सहा असतील तर तिथे जुनी जे१७०८ लाइन आहे, वेग सेकंदाला ९,६०० बिट. कारच्या रीडरमधल्या ईएलएम३२७ चिपला ही लाइन वाचताच येत नाही, मग केबल कितीही चांगली असो. नऊ पिना असतील तर जे१९३९ मिळण्याची शक्यता आहे. काळा नऊ पिनी सॉकेट २५० किलोबिटचा, हिरवा ५०० किलोबिटचा. हिरवा प्लग दोन्ही सॉकेटमध्ये बसतो, काळा प्लग हिरव्या सॉकेटमध्ये बसत नाही. तिथे जोर लावू नका, पिना वाकतात.

नऊ पिनी सॉकेटमध्ये ए म्हणजे अर्थ (ग्राउंड), बी म्हणजे कायम चालू असलेला १२ व्होल्ट सप्लाय, सी आणि डी म्हणजे जे१९३९ ची जोडी, एफ आणि जी म्हणजे जे१७०८. चॅसी बॅटरीची (इंजिन चालू करणाऱ्या बॅटरीची) निगेटिव्ह वायर काढा आणि सी-डीमध्ये रेझिस्टन्स मोजा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर (टोकाचा रेझिस्टर) असतो, म्हणून मीटरवर ६० च्या आसपास आकडा यायला हवा. १२० आला तर एक टर्मिनेटर गायब आहे किंवा मध्ये वायर तुटली आहे. ४० आला तर कुणीतरी नंतर उपकरण बसवताना तिसरा टर्मिनेटर घातला आहे. शून्याजवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. मग बॅटरी जोडून चावी ऑन करा आणि अर्थपासून व्होल्टेज बघा : सी अडीचपेक्षा किंचित वर, डी किंचित खाली, दोन्हींची बेरीज साधारण ५.

हे सगळं ठीक असेल तर दोष रीडरचा किंवा ॲपचा. अस्सल ईएलएम३२७ जे१९३९ वाचू शकते, स्वस्त नकलांचा भरवसा नाही. पाकिटावर 'आवृत्ती १.५' छापलं असेल तर ती नक्कलच, कारण मूळ कंपनीने १.५ कधी काढलीच नाही. ब्लू फायर, सिल्व्हरलीफचं व्हीएमएसपीसी किंवा स्कॅनगेज-डी ही उपकरणं याच कामासाठी आहेत. घेताना आपल्या सॉकेटची केबल सोबत आहे का, ते विचारा.

प्रश्न (ऑस्टिन, टेक्सस) : नऊ पिनी रीडरवर कूलंटचं तापमान मध्येच २१५ अंश सेल्सिअस दिसतं, काही वेळा उणे ४०. डॅशबोर्डचा काटा मात्र जागचा हलत नाही.

उत्तर : इंजिन २१५ अंशांना गेलं असतं तर पत्र लिहायची वेळच आली नसती. हे तापमान एका बाइटमध्ये येतं आणि त्यातून ४० वजा करायचे असतात. २५५ याचा ठरलेला अर्थ 'माहिती उपलब्ध नाही'. ॲप ते न ओळखता वजाबाकी करतं आणि २१५ दाखवतं. तो ॲपचा दोष. उणे ४० म्हणजे बाइट शून्य, आणि ही बाब सेन्सरच्या सर्किटची असू शकते.

कोड बघा. एसपीएन हा आकडा दोष कुठल्या मापात आहे ते सांगतो, एफएमआय दोषाचा प्रकार. एसपीएन ११० म्हणजे कूलंट तापमान. त्यासोबतचा एफएमआय ३ असेल तर व्होल्टेज प्रमाणाबाहेर वर आहे, ४ असेल तर खाली. कोड सर्किटचं नाव सांगतो, भागाचं नाही, त्यामुळे लगेच सेन्सर मागवू नका. सेन्सरचा प्लग काढा : एफएमआय ३ यायला हवा. मग वायरिंगच्या बाजूच्या दोन पिना छोट्या वायरने जोडा : आता ४ यायला हवा. दोन्ही आले तर वायरिंग आणि कंट्रोलर ठीक, सेन्सर बदला. तीन वायरींच्या प्रेशर सेन्सरवर हा प्रयोग करू नका. त्यातल्या एका वायरवर ५ व्होल्टचा सप्लाय असतो आणि तो अर्थ झाला तर त्याच सप्लायवरचे इतर सेन्सरही कोड देऊ लागतात.

आणखी एक फुकटची चाचणी. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी फक्त चावी ऑन करा. कूलंट, इनटेक हवा आणि गिअरबॉक्स ऑइल, तिन्ही आकडे बाहेरच्या तापमानाच्या आसपास असायला हवेत. एखादा १५-२० अंशांनी वेगळा निघाला तर तो सेन्सर खोटं बोलतो आहे.

प्रश्न (फ्रिमाँट, कॅलिफोर्निया) : मर्सिडीज स्प्रिंटर चॅसीवरची डिझेल मोटरहोम हिवाळाभर उभी होती. आता डॅशवर '१० स्टार्ट शिल्लक' येतं, रीडरवर पी२०ईई कोड. कोड पुसून टाकू का?

उत्तर : आधी पुसू नका. कोडसोबत साठलेली फ्रीझ फ्रेम, म्हणजे त्या क्षणाचं तापमान, वेग आणि लोड, फोटो काढून ठेवा. पुसल्यावर ती जाते आणि रेडिनेस मॉनिटरही (गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्याच्या नोंदी) कोरे होतात. मग कॅलिफोर्नियाच्या स्मॉग चेकला (प्रदूषण तपासणीला) गाडी अडकते. साध्या रीडरने कोड पुसला तरी स्टार्टची उलटी मोजणी बहुधा तशीच राहते. ती थांबवायला आधी दोष दूर व्हावा लागतो आणि अनेकदा मर्सिडीजच्या पातळीचं टूल लागतं. तोवर विनाकारण इंजिन बंद-चालू करू नका.

पी२०ईई म्हणजे एससीआर कॅटॅलिस्ट (एक्झॉस्ट साफ करणारा भाग) पुरेसे नायट्रोजन ऑक्साइड कमी करत नाही. उभ्या गाडीत पहिला संशय डीईएफवर, म्हणजे एक्झॉस्टमध्ये फवारल्या जाणाऱ्या युरियाच्या द्रावणावर, घ्या. त्यात ३२.५ टक्के युरिया हवा. २५ अंशांना ते साधारण १८ महिने टिकतं, ३५ अंशांना जेमतेम ६. डीईएफच्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून बघा. ३१.८ ते ३३.२ च्या बाहेर असेल तर टाकी रिकामी करून ताजं भरा. मग इंजेक्टरच्या तोंडाशी पांढरे खडे जमलेत का ते पाहा. एनओएक्स (नायट्रोजन ऑक्साइड) सेन्सर शेवटी. एक्झॉस्ट चांगला तापल्याशिवाय तो आकडाच देत नाही, त्यामुळे थंड इंजिनावर रिकामी ओळ दिसली म्हणून महागडा सेन्सर बदलायला निघू नका.

प्रश्न (पुणे) : डिझेल व्हॅनची कॅम्पर करून घेतली आहे. १६ पिनी सॉकेटमध्ये ब्लूटूथ रीडर कायम लावलेला असतो. तीन आठवडे गाडी उभी राहिली की सेल्फ मारत नाही.

उत्तर : सॉकेटची १६ नंबरची पिन चावी बंद असतानाही चालू असते. रीडरने ५० मिलिअँपिअर घेतले तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर, तीन आठवड्यांत २५. काही रीडर त्याहून त्रासदायक : ते सतत डेटा मागत राहतात, गाडीचे कंट्रोलर झोपतच नाहीत आणि खरा करंट ते खातात. मोजण्यासाठी बॅटरीच्या निगेटिव्ह वायरमध्ये मल्टीमीटर १० अँपिअरवर लावा, दारं लॉक करा, अर्धा तास थांबा. आकडा रीडर लावून एकदा आणि काढून एकदा घ्या. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

कॅम्परवाल्याने फ्रिज किंवा दिव्यांसाठी याच सॉकेटच्या फ्यूजवरून सप्लाय घेतला आहे का, तेही तपासा. असेल तर तो तिथून काढून कॅम्परच्या आतल्या सोयींसाठीच्या वेगळ्या बॅटरीवर स्वतंत्र फ्यूजने जोडून घ्या.