नस दबली म्हणजे नेमकं काय दबलं?

प्रश्न कोथरूडहून आला आहे. विचारणाऱ्या ताईंच्या आईंची कंबर आणि उजवा पाय दुखतो. एमआरआय झाला, डॉक्टर म्हणाले, "मणक्यातली गादी सरकलीय, त्यामुळे नस दबलीय." आईंनी धसका घेतला की पायाचं रक्त अडलं. कारण थोड्याच दिवसांपूर्वी रक्त काढायला आलेली मुलगी दंडाला पट्टा बांधून म्हणाली होती, "काकू, नस सापडत नाहीये." मग नस म्हणजे रक्तवाहिनी की आणखी काही? शिवाय मुलाच्या शाळेच्या पुस्तकात 'चेतासंस्था' आहे आणि आजोबांच्या जुन्या पुस्तकात 'मज्जासंस्था', ते का?

आधी आईंचं. त्या दोन वाक्यांतल्या नसा वेगवेगळ्या आहेत. रक्त काढणारी मुलगी शोधत होती ती शीर, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणारी नळी. डॉक्टर बोलले ते चेतेबद्दल, म्हणजे इंग्रजीत जिला 'नर्व्ह' म्हणतात तिच्याबद्दल. तिच्यातून संदेश जातात, आणि गादी सरकून दबते ती हीच. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपासून चेतांच्या 31 जोड्या निघतात: मानेत 8, पाठीत 12, कमरेत 5, त्रिकास्थीत (कमरेखालच्या तिकोनी हाडात) 5 आणि माकडहाडाशी 1. कमरेच्या खालच्या दोन आणि त्रिकास्थीच्या वरच्या तीन मुळांमधून शरीरातली सर्वांत जाड चेता तयार होते. ती जवळजवळ अंगठ्याएवढी असते आणि नितंबातून मांडीच्या मागच्या बाजूने खाली उतरते. लोक जिला 'सायटिका' म्हणतात आणि वैद्य 'गृध्रसी', ती या वाटेवरची वेदना. दाब पडतो कमरेत, पण कळ पोटरीत येते, कारण त्या तंतूंवरून आलेला संदेश मेंदू 'पोटरीतून आला' असाच वाचतो. पायाचं रक्त खरंच अडलं तर पाऊल गार पडतं, रंग बदलतो, घोट्यापाशी नाडी हाताला लागत नाही. हा फरक आईंना एकदा नीट सांगा. धसका निम्म्याने उतरेल.

आता शब्दाकडे. नस या एका शब्दात आपण रक्तवाहिनी, चेता आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) असं सगळं कोंबतो. मला यात बोलणाऱ्यांचं अज्ञान दिसत नाही. कातडीखाली हाताला जे लांब, ताणलेलं, दोरीसारखं लागतं, ते नस किंवा शीर. चिरून पाहिल्याशिवाय आत रक्त आहे की नाही हे कोणाला कळणार? ग्रीकांचंही असंच होतं. त्यांचा 'न्यूरॉन' हा शब्द मुळात कंडरेचा आणि धनुष्याच्या दोरीचा. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिरोफिलस या ग्रीक वैद्याने शवविच्छेदन करून चेता आणि कंडरा वेगळ्या दाखवल्या, आणि तो जुना शब्द हळूहळू चेतेकडे गेला.

आपल्याकडे 'स्नायू'चा प्रवास याहून रंजक आहे. सुश्रुताच्या गणनेत 700 सिरा, 24 धमन्या आणि 900 स्नायू आहेत, आणि तिथे स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे बंध. तोच शब्द मराठीत आणि गुजरातीत मांसल स्नायू झाला, तर बंगालीत चेता झाला. बंगाली माणूस 'स्नायुतंत्र' म्हणतो ती आपली चेतासंस्था. म्हणून अनुवाद करताना हा शब्द जसाच्या तसा उचलू नये. दंडाच्या बेटकुळीच्या जागी मज्जातंतू येऊन बसेल.

'नस चढली' हा प्रयोग तर आणखी तिसऱ्याच गोष्टीसाठी होतो. रात्री झोपेत पोटरी दगडासारखी होते तेव्हा आखडतो तो स्नायू. त्यासाठी मराठीत नेमके शब्द आहेत: वांब आला, पेटका आला, पोटरीत गोळा आला. पाठ अवघडली तर उसण भरली, चमक भरली. हे शब्द वापरातून जाऊन सगळीकडे 'नस' येतेय, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण दुखण्याच्या बाबतीत आपली भाषा फार बारकाईने बोलते. सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीवर मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, उठताना मुंग्या येतात. बसताना चेतेवर आणि तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांवर दाब आला, संदेश थांबले, ती बधिरता. दाब सुटल्यावर तंतू भानावर येताना वेडेवाकडे संदेश सोडतात, त्या मुंग्या. दोन अवस्था, दोन शब्द. पायाला ठेच लागली की आधी सणक जाते आणि क्षणभराने मागून आग आणि ठणका येतो. हेही खरोखर दोन प्रकारच्या तंतूंचं काम आहे. सणक नेणाऱ्या तंतूंवर मायेलिन या चरबीयुक्त पदार्थाचं पातळ आवरण असतं, त्यांचा वेग सेकंदाला साधारण 5 ते 30 मीटर. ठणका नेणारे तंतू उघडे आणि बारीक, ते सेकंदाला जेमतेम 0.5 ते 2 मीटर जातात. डॉक्टरांना 'दुखतं' एवढंच न सांगता सणक, ठणका, आग, मुंग्या असं सांगावं. त्याने निदानाला मदतच होते.

राहिला मज्जा आणि चेता यांचा प्रश्न. आयुर्वेदात मज्जा हा सात धातूंपैकी एक, हाडाच्या पोकळीत असणारा मऊ पदार्थ. कवटी आणि कणाही हाडांचेच, आणि त्यांच्या आतही मऊच काही, म्हणून मज्जारज्जू, मज्जासंस्था, मज्जातंतू हे शब्द रुळले असावेत. चुकीचे ते नाहीत, आणि मीही वर 'मज्जारज्जू' लिहिलं आहे. शाळेच्या पुस्तकांत आता मेरुरज्जू, चेतापेशी, चेतासंस्था असे शब्द आहेत. मला चेता जास्त पटतो. एक तर तो पदार्थापेक्षा काम सांगतो. दुसरं म्हणजे चेता आणि चेतातंतू असा भेद करता येतो: चेता ही जुडी, चेतातंतू त्यातला एकेक धागा. 'मज्जातंतू' मात्र आपण दोन्हींसाठी वापरतो.

आणि गोंधळ प्रत्यक्ष दवाखान्यातही होतो. मज्जेची तपासणी म्हटलं की नातेवाइकांना वाटतं, कण्यात सुई घालणार. प्रत्यक्षात 'बोन मॅरो' बहुधा कमरेच्या मागच्या हाडातून काढतात, तिथे रक्तपेशी तयार होतात आणि चेतासंस्थेशी तिचा संबंध नाही. 'पाठीतलं पाणी काढणं' ही तपासणी वेगळी. तीत मेंदू आणि मेरुरज्जूभोवतीचा द्रव घेतात, आणि मोठ्या माणसात मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो म्हणून सुई त्याच्याही खाली टोचतात. ताई, घरात कोणाला यातली एखादी तपासणी सांगितली, तर 'अस्थिमज्जा की पाठीतलं पाणी?' एवढं स्पष्ट विचारून घ्या.