लेखक बाई आहे की पुरुष, यावर लेखनाचा दर्जा ठरतो का?

अजिबात नाही. जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाच्या विज्ञानकथा वाचून रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी १९७५ साली त्यांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत ठासून लिहिलं, की हा हात पुरुषाचाच. त्या कथा अ‍ॅलिस शेल्डन यांच्या होत्या! सिल्व्हरबर्ग स्वतः कसलेले कथाकार, तरी फसले. आधी नाव वाचलं की डोळे तेच शोधत जातात.

फरक पडतो तो अनुभवात. १९३३ च्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहात ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने मालतीबाई बेडेकरांनी शिकलेल्या, अविवाहित मुलींची घुसमट आतून मांडली. पण नुसता अनुभव पुरत नाही, तो वाक्यात उतरावा लागतो.

पारखायचंच असेल तर नाव झाकून दोन पानं वाचा. ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ खोडलं तरी कोण बोलतंय ते कळतं का? गाळून चालतील अशा वाक्यांवर पेन्सिलने खूण करा.